वास येईपर्यंत

पुष्कळ घरांत एक खोली अशी असते, की पाहुणे आले की तिचं दार लोटून घेतलं जातं. कुणाच्या त्या खोलीत पसारा असतो, कुणाच्या खोलीत आजारी माणूस. या दोन जावांच्या घरातल्या त्या खोलीत मसाला भाजला जायचा.

घर साधंच होतं. पुढच्या खोलीत काचेचं कपाट आणि त्यात ओळीनं मांडलेल्या लहान बरण्या. मिरी-लिंबाचं मीठ, धुरावलेली मिरची, लसूण आणि सुकवलेल्या पाल्याचं मिश्रण, आणि सगळ्यांत वरच्या फळीवर 'नऊजिनशी'. नऊ जिन्नस वेगवेगळे भाजून, दळून एकत्र केलेला हा मसाला चिमूटभर सूपवर टाकला, भाजलेल्या बटाट्यावर टाकला किंवा नुसत्या उकडलेल्या अंड्यावर टाकला, तरी जेवणारा मान वर करून विचारायचाच, "हे काय घातलंय?" मोठमोठ्या हॉटेलांतले आचारी तो न्यायला स्वतः या गल्लीत येत.

आलेल्यांशी बोलायची ती थोरली. तिचं बोलणं गोड आणि हुशारीचं. बरणीचं झाकण उघडून गिऱ्हाइकाच्या नाकाखाली धरायची, तो डोळे मिटायचा, आणि हिचं अर्धं काम तिथंच व्हायचं.

मसाला करायची ती धाकटी. सकाळी लेकीला शाळेत पाठवून ती मागच्या खोलीत शिरायची, ती दुपारी बाहेर यायची. तव्यासमोर उभी राहून भाजायची, यंत्रात दळायची, चाळायची. कागदावर काही लिहिलेलं नव्हतं. सगळं तिच्या नाकात होतं. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तिच्या नाकाची घरात थट्टा चालायची. पुढच्या खोलीत बसून ती सांगायची, "ताई, दूध आता वर येईल हं." थोरली धावत जायची आणि दूध खरोखरच काठाशी आलेलं असायचं. "अगं, तुला पोलिसांत घ्यायला हवं होतं," थोरली म्हणायची, "चोर तरी सापडले असते!"

आठ वर्षांपूर्वी धाकटीचा नवरा अपघातात गेला. लेक तेव्हा तीन वर्षांची होती. थोरलीचा नवरा बाहेरगावी नोकरीला, महिन्यातून दोन दिवस घरी येणारा, आणि तिला मूलबाळ नव्हतं. "तुम्ही दोघी इथंच राहायचं, कुठं जायचं नाही," असं तिनं त्या दिवशी जावेला जवळ घेऊन सांगितलं. ते तिनं मनापासून सांगितलं होतं. नंतर तिनं त्याची कधी आठवणही करून दिली नाही. पण ज्याला आसरा मिळतो, त्याला आठवण करून द्यावी लागत नाही. धाकटी ते एक दिवसही विसरली नाही.

त्या मागच्या खोलीला दोन खिडक्या होत्या. भाजणं सुरू झालं की दोन्ही बंद. नुसत्या बंद नव्हेत, तर फटींना ओला टॉवेल दाबून बसवलेला आणि दाराच्या खाली पोतं सरकवलेलं. ही शिस्त थोरलीची. तिला कारणही तसंच होतं. पूर्वी समोरच्या घरातली एक बाई त्यांच्याकडे दोन महिने मदतीला होती. ती काम सोडून गेली आणि पुढच्याच महिन्यात बाजारात तिच्या नावाचा मसाला आला, जवळजवळ तसाच. थोरलीनं त्याचा इतका धसका घेतला, की वाऱ्यावरून वास गेला तरी आपलं गुपित गेलं, असं तिला वाटू लागलं. समोरच्या घराची खिडकी उघडी दिसली, तर ती दोनदा येऊन टॉवेल चाचपून जायची.

आणि त्या बंद खोलीत मिरची भाजली जायची.

पहिली काही वर्षं धाकटी नुसती शिंकायची. मग तिला खोकला लागला. सकाळी उठल्या उठल्या, जिना चढताना, हसताना. हसणं तिनं कमी केलं, कारण हसलं की खोकला यायचा.

एकदा एका हॉटेलचे मुख्य आचारी पुढच्या खोलीत बसले होते. बरणी त्यांच्या नाकाखाली होती आणि मागून खोकल्याची उबळ ऐकू आली. थांबेचना. आचाऱ्यांनी बरणी हळूच खाली ठेवली.

"घरात कुणी आजारी आहे का?"

"छे हो! मिरची आहे ना, ठसका बसतोच," थोरली हसत म्हणाली.

ते गेल्यावर ती मागे आली. रागावली नाही. उलट पाण्याचा पेला घेऊन आली. "हे बघ," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "खाण्याची वस्तू आहे आपली. खोकणाऱ्या हाताचा मसाला कोण घेईल, तूच सांग. बाहेर कुणी आलं असलं आणि उबळ आली, तर न्हाणीघरात जात जा. आणि नळ सोडून ठेव, म्हणजे आवाज येणार नाही."

"बरं, ताई," धाकटी म्हणाली.

त्या दिवसापासून ती नळ सोडून खोकू लागली.

लेकीचं घरातलं नाव चिमी. अकरा वर्षांची, पाचवीत शिकणारी, आणि प्रश्न विचारण्यात कुणाला हार न जाणारी. तिनं एकदा जेवताना विचारलं, "काकू, आई रोज इतक्या वेळा हात का धुते?"

थोरलीच्या हातातला घास थांबला. धाकटीच उत्तरली, "मिरचीचे हात असतात ना, बाळा. आधी तू जेव."

वाचकहो, इथं थोरलीला दुष्ट ठरवायची घाई करू नका. ती दुष्ट असती, तर ही गोष्ट सांगण्यासारखी राहिली नसती. चिमीच्या तापात रात्र-रात्र जागणारी, जावेच्या ताटात आधी वाढणारी बाई होती ती. तिला खोकला ऐकू येत होता. तो बाहेरच्यांना ऐकू जाऊ नये, एवढीच काळजी तिनं केली. आपण सारेच असं करत नाही का?

एक दिवस दळायच्या यंत्राची घरघर अचानक थांबली. चौकातले गिरणीवाले काका दुरुस्तीला आले. साठीचे, अंगानं वाळके, बोलायला फटकळ. त्यांच्या गळ्यात कायम एक जाड रुमाल असायचा. यंत्र मागच्या खोलीत. नुकतीच मिरची उतरवलेली. काकांनी दार उघडलं आणि तिथल्या तिथे मागे फिरले.

"अरे बाप रे! वहिनी, इथं माणूस काम करतं?"

"हळू बोला," थोरली म्हणाली. "दार लावून घ्या आधी."

काकांनी दार लावलं नाही. रुमाल नाकावर घट्ट बांधला, सरळ आत गेले आणि टॉवेल उपसून दोन्ही खिडक्या उघडल्या. थोरली ओरडलीच, "अहो, काय करताय!"

"श्वास घेतोय. तुम्हीही घेऊन बघा, फुकट असतो." मग ते धाकटीकडे वळले. "किती वर्षं या खोलीत?"

"बारा," धाकटी म्हणाली.

"नाकाला काही बांधत नाही?"

"बांधलं तर वास कसा कळणार?"

 यंत्राचा पट्टा काकांनी बदलला, पण हात धुतल्यावर निघाले नाहीत. पुढच्या खोलीत येऊन थोरलीसमोर बसले.

"वहिनी, रागवा पाहिजे तर. माझ्या वडिलांचीच गिरणी ही. तेव्हा भिंतीला पंखा नव्हता. आमचा म्हातारा दिवसभर पिठात उभा. खोकायचा. आम्ही म्हणायचो, वय झालं. तेव्हा त्यांचं वय किती होतं, माहीत आहे? सत्तेचाळीस! आम्हाला वाटायचं, पीठ म्हणजे अन्न. अन्न कुठं माणसाला मारतं? छातीत गेलं की मारतं, वहिनी. पीठ मारतं, मिरची मारते, धूर मारतो. कारखान्यात असं काम असतं तर साहेब येऊन टाळं ठोकून गेला असता. हे घर आहे म्हणून कुणी विचारत नाही, एवढंच."

"कारखाना कसला? घरचंच तर काम आहे," थोरली म्हणाली.

"हेच म्हणतोय मी. घरचं काम म्हटलं की माणसाची छाती काय लोखंडाची होते?"

"खिडक्या उघडल्या आणि उद्या समोरचीनं..."

"वास ओढून मसाला करता आला असता, तर मी वडेवाल्याच्या शेजारी राहून कोट्यधीश झालो असतो! अहो, माझ्या गिरणीला बाहेर हवा फेकणारा मोठा पंखा आहे. दळण माझ्याकडे द्या. आणि या बाईला एकदा डॉक्टरकडे न्या."

थोरलीचा चेहरा बदलला. 'दळण माझ्याकडे द्या' एवढंच तिनं ऐकलं. समोरची बाईसुद्धा अशीच मदतीला म्हणून आली होती! ती उठून उभी राहिली.

"काका, तुमच्या गिरणीला गिऱ्हाईक कमी पडत असेल, तर तसं सरळ सांगा. माझ्या घराची काळजी घ्यायला मी आहे."

 गिरणीवाल्या काकांनी पिशवी उचलली. दाराशी वळून एवढंच म्हणाले, "माझ्या वडिलांनाही आम्ही होतोच की."

ते गेल्यावर थोरलीनं खिडक्या पुन्हा लावल्या. टॉवेल ओला करून आणून दिला तो धाकटीनंच.

त्यानंतर सहा-सात महिने गेले. या काळात घरात बारीकसारीक चमत्कारिक गोष्टी घडल्या. एकदा धाकटी ओट्याशी उभी असताना तिच्या शेजारीच दूध उतू जाऊन करपलं. "लक्ष कुठं असतं गं तुझं?" थोरली म्हणाली. एकदा चिमीचा डबा नासला होता, ते धाकटीला भरतानाही कळलं नाही. भाजताना ती आता तव्यावर अगदी वाकायची. जिन्नस कानाशी नेऊन हलवायची. थोरलीला वाटलं, वयाबरोबर ही जास्त काटेकोर होत चालली आहे. तिनं आचाऱ्यांना कौतुकानं सांगितलंही, "आमची धाकटी मसाल्याशी बोलते."

मग तो रविवार आला.

शाळेत बाईंनी चिमीच्या वर्गाला घरचा अभ्यास दिला होता. पाच वाट्यांत पाच वस्तू ठेवायच्या, घरातल्या माणसाचे डोळे बांधायचे आणि नुसत्या वासावरून वस्तू ओळखायला सांगायचं. कोण किती ओळखतो ते वहीत लिहून आणायचं. चिमी आठवडाभर वर्गात फुशारकी मारत होती. "माझी आई पैकीच्या पैकी! तिला झाकणावरूनसुद्धा कळतं!"

सकाळची वेळ. पुढच्या खोलीत ऊन आलं होतं. चिमीनं आधी काकूचे डोळे बांधले. थोरलीनं पाचापैकी चार ओळखल्या. संत्र्याच्या सालीला तिनं लिंबू म्हटलं. "जवळपास आहे, अर्धा गुण द्या की, बाई!" ती हसत म्हणाली.

"बाई अर्धा गुण देत नाहीत. आता आई."

"मला कशाला? कपडे भिजत घातलेत," धाकटी उठू लागली.

"आई, तुझ्यासाठीच तर ठेवलाय खेळ!"

चिमीनं ओढणीनं आईचे डोळे बांधले आणि पहिली वाटी तिच्या हातात दिली. धाकटीनं ती हलवली. कानाशी नेली. "वेलची."

"बरोबर! पण हलवायचं नाही. वासानं ओळखायचं. हात मागे." चिमीनं दुसरी वाटी स्वतः आईच्या नाकापाशी धरली. तीत कॉफी होती. ताजी, दळलेली. तिचा वास वाटीबाहेर सांडत होता, खोलीभर झाला होता.

धाकटीनं नाक आणखी पुढे केलं.

"सांग ना."

"...लवंग."

थोरली हसली. "नाटकं बघा हिची! पोरीची गंमत करतेय."

चिमीही हसली. तिसऱ्या वाटीत अंगाचा साबण होता. धाकटीनं दीर्घ श्वास घेतला, तो मध्येच अडकला, आणि ती खोकत खोकत म्हणाली, "जिरं?"

"आई, मुद्दाम चुकू नकोस हं! मला वहीत लिहायचंय."

चौथ्या वाटीत संत्र्याची साल. धाकटी ओठ दाबून बसली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "चिमे, यात काही आहे तरी का? की रिकामीच आहे?"

चिमीनं वाटीत पाहिलं. मग काकूकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं.

थोरली उठली. वरच्या फळीवरून तिनं नऊजिनशीची बरणी काढली, झाकण उघडलं आणि जावेच्या नाकाशी नेली. ज्या वासानं मोठमोठे आचारी डोळे मिटत, तो वास. धाकटीच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही. ओढणीखालून फक्त पाणी ओघळलं.

"किती दिवस?" थोरलीनं विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"वर्ष होईल. आधी थोडा थोडा यायचा. मग गेलाच."

"आणि मसाला? मसाला कसा करतेस?"

"रंगावरून. तडतडण्यावरून. बोटांना कळतं किती कोरडं झालं ते." ती चाचपडत लेकीच्या डोक्यापर्यंत हात नेत म्हणाली, "मसाल्याचं काही नाही, ताई. ते जमतं. पण हिला जवळ घेतलं ना, तरी काही येत नाही. लहानपणापासून हिच्या केसांना एक वास आहे. तो मला आता आठवतसुद्धा नाही."

चिमी आईच्या कुशीत शिरली. ओढणी सोडायचंही कुणाला सुचलं नाही. वही तशीच उघडी राहिली, आणि त्या पानावर आईच्या नावापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी छातीचे फोटो खिडकीच्या उजेडात धरले, मशीनमध्ये फुंकर मारायला लावली, आणि मग कानातली नळी खाली ठेवून विचारलं,

"किती वर्षं खोकला आहे?"

"सात-आठ," धाकटी म्हणाली.

डॉक्टरीणबाई थोरलीकडे वळल्या. "आणि कुणाच्या लक्षात आलं नाही?"

लक्षात आलं नाही! थोरलीला वाटलं, आपण किंचाळून सांगावं, की खोकल्याच्या पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं होतं. मीच तिला नळ सोडायला शिकवलं!

"फुप्फुसांचा बराच भाग कामातून गेलाय," डॉक्टरीणबाई शांतपणे सांगू लागल्या. "गेलेला परत येणार नाही. उरलेला सांभाळायचा. औषधं देते. तवा, मिरची, धूर, भुकटी, सगळं आजपासून बंद. यांचा श्वास इतपतच राहील. नीट सांभाळलं तर."

"आणि वास?"

"पाच वर्षांपूर्वी आणलं असतंत, तर काही सांगता आलं असतं."

घरी आल्यावर थोरलीनं पहिलं काय केलं असेल? खिडक्यांचे टॉवेल काढून फेकले. गिरणीवाल्या काकांना बोलावणं धाडलं. ते आले तेव्हा तिला मान वर करता येईना. काकांनीही तिला काही ऐकवलं नाही. माणसं लावून तवा, यंत्र, चाळण्या गिरणीच्या शेजारच्या मोकळ्या खोलीत हलवल्या आणि भिंतीला मोठा पंखा बसवून दिला. मागची खोली तीन वेळा धुतली, चुना लावला. थोरली जावेला म्हणाली, "मी धंदाच बंद करते. नको तो मसाला!"

पुढच्या खोलीतल्या खाटेवर उशांना टेकून बसलेली धाकटी घाबरून म्हणाली, "नको, ताई. बंद नका करू. माझी बारा वर्षं आहेत त्यात. तेवढीच तर आहेत."

म्हणून थोरली स्वतः तव्यासमोर उभी राहिली. नाकातोंडाला मुखपट्टी, डोक्यावर पंखा. बाकीच्या बरण्या जमल्या. धाकटीनं सांगितलेल्या रंगावरून, तडतडण्यावरून केला, तरी नऊजिनशी मात्र जमेना. चार वेळा केला आणि चार वेळा ओतून दिला. पाचव्यांदा करण्याआधी ती घरी येऊन जावेशेजारी वही-पेन्सिल घेऊन बसली.

"मला एकेक सांग. पहिला जिन्नस किती वेळ भाजायचा?"

"वास येईपर्यंत."

"कसला वास, ते सांग."

धाकटीनं डोळे मिटले. तिला धाप लागत होती म्हणून ती थांबत थांबत बोलली. "आधी ओल्या लाकडासारखा येतो. तेव्हा ढवळायचं. मग नव्या वहीसारखा येतो. तेव्हा आच कमी. आणि मग... एक क्षण असा येतो ताई, की काहीच वास येत नाही. तवा गप्प झाल्यासारखा वाटतो. तेव्हा उतरवायचं. जरा पुढे गेलं, की करपलं."

थोरली लिहीत होती. धाकटी पुढे म्हणाली, "मी आता कायम त्या क्षणातच असते."

पेन्सिल थांबली. थोरलीनं वही बाजूला ठेवली.

"का गं नाही सांगितलंस मला?"

"कसं सांगणार? तुम्ही आम्हाला घरात ठेवून घेतलंत. पोरीची शाळा, कपडे, सगळं केलंत. आणि मी काय म्हणू, की या खोलीत मला श्वास येत नाही?"

"ठेवून घेतलं? अगं, हे घर तुझं आहे! माझ्याइतकंच तुझं आहे!"

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता, तर थोरलीला जरा बरं वाटलं असतं.

"हे तुम्ही आज म्हणालात, ताई," ती म्हणाली.

पाचव्यांदा केलेला मसाला चिमीनं अंड्यावर घालून खाल्ला. काकूचं तोंड पाहून तिनं खूप वेळ विचार केला. "छान झालाय, काकू," ती म्हणाली. आणि खोटं बोलायची सवय नसल्यामुळे लगेच म्हणाली, "पण आईचा नाही."

तो मसाला पुन्हा कधीच झाला नाही. सारं जग नाक लावून बसेल म्हणून ज्याच्यासाठी खिडक्या बंद केल्या, तो मसाला कुणी चोरला नाही. तो ज्या एका नाकात सुखरूप होता, ते नाकच त्या बंद खिडक्यांनी मारलं.

शहरात घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांचं एक मंडळ होतं. लोणची, मसाले, साबण, उदबत्त्या करणाऱ्या, घरात शिवणकाम करणाऱ्या. वर्षातून एकदा मोठ्या सभागृहात मेळावा भरायचा. त्या वर्षी थोरलीला बोलावणं होतं. विषय ठरलेला होता, 'चव कशी जपली'. ती जाणार नव्हती. धाकटीनंच तिला पाठवलं. "जा. आणि खरं ते सांगा," एवढंच म्हणाली.

सभागृह भरलेलं. अध्यक्षीणबाईंनी ओळख करून दिली, टाळ्या झाल्या. थोरली उभी राहिली. बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण आज तिला पहिलं वाक्यच सापडेना.

"नऊजिनशी मी केला नाही," ती अखेर म्हणाली. "कधीच केला नाही. माझ्या धाकट्या जावेनं केला. मी तो विकला. बरणीवर नाव माझं होतं."

 मग तिनं सारं सांगितलं. खिडक्या, टॉवेल, नळ. काहीही वगळलं नाही. चिमीच्या वाट्यांबद्दल सांगताना तिला दोनदा थांबावं लागलं.

"तुम्ही मला विचारलंत, चव कशी जपली. मी चव जपली, आणि माणूस जपायचं राहिलं! माझ्या घरात रोज खोकला होता. मला तो ऐकू येत होता. मी त्याला 'ठसका' म्हटलं, कारण ठसक्याला डॉक्टर लागत नाही. मी तिच्या कामाला 'घरचंच काम' म्हटलं, कारण घरच्या कामाला पंखा लागत नाही, मुखपट्टी लागत नाही, सुट्टी लागत नाही. एक गिरणीवाला भला माणूस मला समोर बसून सांगत होता, तर मी त्याला चोर समजले. तेव्हा ऐकलं असतं, तर निदान..."  पाणी पिऊन ती म्हणाली, "मला टाळ्या नकोत. तुमच्या घरी मागच्या खोलीत कोण आहे, एवढं आठवा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या रांगेत उदबत्त्या करणारी एक प्रौढ बाई उभी राहिली. जरीकाठाची साडी, हातात पिशवी. चाचरत तिनं विचारलं, "माझी सून... सकाळी तिला खोकला येतो. फार नाही. मसाला नाही हो आमचा, पावडरच असते, सुगंधी. तिला विचारलं तर म्हणते, घसा धरलाय. ते तसलंच असेल का?"

थोरली व्यासपीठाच्या काठापर्यंत पुढे आली. "ती आत्ता कुठं आहे?"

"घरीच. उद्याचा माल द्यायचाय ना. ती कामात आहे."

"मग तुम्ही इथं काय करताय?" थोरली म्हणाली. "घरी जा, बाई. आत्ता जा!"

त्या बाईनं पिशवी सावरली. मग रांगेतल्या बायकांच्या गुडघ्यांतून वाट काढत, माफी मागत, ती दाराकडे निघाली. दाराशी पोहोचेपर्यंत ती जवळजवळ धावत होती.

तिच्या मागोमाग आणखी दोघी उठल्या.

वाचकहो, अन्न देणारे हात आपल्याला दिसतात, त्यांची आपण स्तुतीही करतो. त्या हातांमागे एक छाती असते, हे मात्र विसरतो. काम कारखान्यातलं असो की घरातलं, श्वास दोन्हीकडे एकच असतो. जो आपल्या आसऱ्याला आहे, तो आपलं दुखणं आपणहून सांगणार नाही. त्याला आपणच विचारायचं असतं, आणि ते वेळेवर. धाकटी आजही खाटेवर बसून लेकीला जवळ घेते, तिच्या केसांत नाक खुपसते आणि मोजका श्वास ओढते. उशीर झाला की काय होतं, हे त्या माऊलीकडे बघून कळतं. तुमच्या घरात अजून उशीर झालेला नसेल, तर आधी उठून विचारून या.